निळ्या फुलीच्या खोळी

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न पूर्ण, धंदा खोळी शिवणे, गल्लीत ‘मास्तर’ म्हणून परिचित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दुकानामागच्या खोलीत, कटिंगच्या टेबलावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझी कालची शिलाई पाहावी. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट मी काय लिहितो आहे हे कोणाला कळू नये म्हणून दाराला आतून कडी लावली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे एखादे निघाले तर ते खोटे समजावे, आणि ते सर्वांत आधी कोणाला सापडले हे नीट पाहून ठेवावे.

लिहिण्याचे कारण असे की माझ्या पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, अगदी साधं ऑपरेशन आहे. उगाच डोक्यात काही घेऊ नका.” साधे असते तर इतक्या कागदांवर माझ्या सह्या कशाला घेतल्या असत्या? मीही गिऱ्हाइकाला ‘कापड आटत नाही’ असे सांगतो, पण लिहून देत नाही.

वकिलाकडे गेलो नाही. वकिलाला सांगितलेले त्याच्या कारकुनाला कळते आणि कारकून चहाच्या टपरीवर उभा राहतो. मी शिवण कोणाकडे शिकलेलो नाही. एक बंद पडलेली मशीन उघडून, जोडून, पुन्हा उघडून शिकलो. मृत्युपत्रही तसेच, वाचनालयात बसून शिकलो. त्या पुस्तकातून दोन गोष्टी मी घेतल्या. पहिली, खाडाखोड असलेल्या मृत्युपत्राकडे कोर्ट संशयाने पाहते. म्हणून मी एकही शब्द खोडणार नाही. काही बदलावे लागले तर पुढे नवे कलम लिहीन. दुसरी गोष्ट कलम ५ मध्ये येईल.

कलम १. घर, म्हणजे दुकान, मागची खोली आणि वरची खोली, माझ्या पत्नीला द्यावे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने जिन्याखालची जागा आपली असल्याचे सांगितल्यास त्याला कागद मागावा. त्याच्याकडे कागद नाही. असता तर त्याने तो फ्रेम करून लावला असता. बँकेतली शिल्लकही पत्नीलाच. पासबुक कुठे असते हे तिला माहीत नाही असे मी समजतो, आणि ते मला माहीत आहे असे ती समजते.

कलम २. माझ्या मेहुण्याने घरातल्या प्रत्येक कार्याला चारचौघांत माझी ओळख ‘आमचे उशीवाले’ अशी करून दिली. त्याला माझ्यातर्फे एक साधा अभ्रा द्यावा, बाजारातून आणलेला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. अभ्रा आणि खोळ एक नव्हे. अभ्रा म्हणजे उशीला घातलेली पिशवी. मी खोळ शिवतो. वर चांगले कापड, मधे कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. तिन्ही एकत्र धरून त्यांवर तिरप्या टिपांची जाळी घालायची. टिपा बसल्या की कापड आक्रसते. म्हणून आधी टिपा आणि नंतर कटिंग. जो आधी कापतो तो नंतर रडतो. शिवाय खोळ आतल्या कोऱ्या उशीपेक्षा थोडी लहान कापायची, तरच उशी तिच्यात ताठ बसते. आणि कोपरे काटकोनात कापायचे नाहीत. टोकाकडे येताना कड हळूच आत घ्यायची. नाहीतर चारही कोपऱ्यांना रिकामे कान लोंबतात आणि उशी कुत्र्याच्या पिल्लासारखी दिसते. ही कड किती आत आणि कुठून घ्यायची, हे माझ्या पुठ्ठ्याच्या साच्यात आहे. तो साचा बसवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. भरलेली उशी बाहेरून मोजून तो कोणालाही काढता येणार नाही. उशी फुगलेली असते, त्या मापाने खोळ ढगळ होते. तो काढायचा तर साचाच हातात हवा.

कलम ३. माझा सख्खा धाकटा भाऊ, यापुढे ‘धाकटा’, याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. सुईसुद्धा नाही.

कारणे. आमच्या दुकानासमोर फर्निचरचे दुकान आहे. त्याचा मालक शेंबड्या पोरालाही ‘या साहेब’ म्हणतो, म्हणून मी त्याला साखरतोंड्या म्हणतो. मागच्या वर्षी त्याच्या काचेत, खुर्च्यांवर, माझ्या कोपऱ्याच्या खोळी दिसू लागल्या. कान नाहीत, ढगळपणा नाही. साचा ज्या कपाटात असतो त्याच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी माझ्याबरोबर कटिंग करणाऱ्या धाकट्याकडे. त्याच सुमारास मी धाकट्याला साखरतोंड्याच्या दारात उभा राहून त्याच्याशी हसताना पाहिले. मला पाहताच दोघे हसायचे थांबले. भल्या गोष्टीवर हसणारी माणसे मधेच थांबत नाहीत.

मी त्याला तोंडावर विचारले. तो म्हणाला, “दादा, साचा कशाला चोरू? जन्मभर तोच कापतोय. झोपेतसुद्धा कापून देईन.”

मी म्हणालो, “म्हणजे झोपेत दिलास.”

त्यावर त्याने खिशातून किल्ली काढली. मग म्हणाला, “बरं. चोर तर चोर,” आणि किल्ली टेबलावर ठेवून गेला. आता तो सामान वाहायचा टेम्पो चालवतो. निर्दोष माणूस भांडतो, आकाशपाताळ एक करतो. हा भांडला नाही. पत्नीला मी यातले काही सांगितले नाही, कारण संशय आणि दूध उघडे ठेवू नये. ‘त्याला टेम्पो चालवायची हौस आली,’ एवढेच सांगितले.

कलम ४. पुरावा. मी समोर जाणे शक्य नव्हते, म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला पाठवून काचेतली एक खोळ विकत आणवली. ती या मृत्युपत्राला जोडत आहे. तिची तपासणी मी केली ती अशी:

कोपरा माझा आहे, यात वाद नाही. पण हात नकलाकाराचा. डाव्या कोपऱ्याजवळ जाळीची एक टीप सुतभर सरकली आहे. चेनीच्या शेवटी दोरा दोनदा फिरवायचा तो एकदाच फिरवला आहे. आणि आतल्या शिवणीवर एक सुती पट्टी हाताने तुरपून बसवली आहे. अशी पट्टी मी कधीच लावत नाही. तिने शिवण जाड होते. दोष झाकायचे असले की माणूस पट्टी लावतो. एकंदरीत, साचा चोरता येतो, नजर चोरता येत नाही. असली खोळ माझ्या हातून झाली असती तर मी तिच्यावर निळी फुली मारून ती उसवायला दिली असती.

फुलीचा अर्थ माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जी खोळ मला पसंत पडत नाही तिच्या आतल्या शिवणीवर मी निळ्या पेन्सिलीने फुली मारतो. ती खोळ नापास. नापास खोळ दुकानाबाहेर जात नाही. माझी पत्नी ती उसवते आणि कापड पुन्हा वापरात येते.

कलम ५. पुस्तकातून घेतलेली दुसरी गोष्ट. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. तेव्हा सहीसाठी धाकट्याला बोलवावे आणि पहिली सही त्याचीच घ्यावी. उद्या कोणी दयाळू माणसाने कलम ३ चा वेगळा अर्थ लावला तरी ही गाठ सुटणार नाही. दुहेरी शिवण केव्हाही बरी. दुसरा साक्षीदार इस्त्रीवाला. धाकट्याला हे कारण सांगू नये. मी त्याला परवा यायचा निरोप धाडला आहे.

कलम ६. हत्यारे. मोठी कात्री, दोन्ही मशिनी, बोटातले अंगुस्तान, पितळी पट्टी आणि साचा, हे कोणाला द्यावे हे लिहायला बसलो आणि हात थांबला. पत्नी कटिंग करत नाही. मूलबाळ नाही. धाकट्याचा प्रश्न कलम ३ ने मिटला. तूर्त एवढेच लिहितो की माझ्या कात्रीने जो कागद कापेल त्याला काहीही मिळू नये.

ज्या खुर्चीवर बसून मी हे लिहीत आहे ती पाठीला आधार असलेली खुर्ची पत्नीची समजावी. जन्मभर मी स्टुलावर बसून शिवले. मागच्या वर्षी एक दिवस स्टूल गेले आणि तिथे ही खुर्ची आली. कुठून आणलीस विचारले तर म्हणाली, “माहेरून.” तिच्या माहेरी इतकी बरी खुर्ची मी कधी पाहिली नव्हती. पण बायकोच्या माहेरच्या वस्तूची चौकशी करणारा माणूस सुखाने जेवत नाही.

कलम ७. हे कलम दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.

काल पुरावा जोडण्याआधी मला वाटले, शिवणीला आत किती कापड सोडले आहे तेही नोंदवावे. त्यासाठी ती सुती पट्टी ब्लेडने उसवली. पट्टीखाली निळी फुली होती.

फुली माझी. माझ्या फुलीची एक रेघ दुसरीपेक्षा लांब असते, कारण मी ती उभ्याने मारतो. मग मी पट्टीचे टाके पाहिले. बारीक, तिरके, दर टाक्याला दोरा किंचित आत ओढलेला. हे टाके कुठेतरी पाहिले आहेत असे वाटत होते. मी लिहायला हात पुढे केला आणि माझ्याच शर्टाची बाही समोर आली. बाहीची तुरपाई तीच होती.

मी दाराची कडी काढली आणि पत्नीला हाक मारली. पुढचे बोलणे जसे झाले तसे लिहितो, कारण नंतर दोन्ही बाजूंनी फिरवाफिरव होऊ शकते.

मी विचारले, “ही पट्टी कोणाची?”

तिने उजेडात धरून पाहिली. “माझी.”

“आणि खोळ?”

“तुमची.”

“ही मी तुला उसवायला दिली होती.”

“हो ना. मांडीवर घेऊन बसले, ब्लेड लावलं, एक टाका तोडलासुद्धा. पुढचा तोडवेना.”

“का? चूक दिसत नव्हती?”

“दिसत होती की. तुम्ही बोट ठेवायचात तिथे दिसायची. बोट काढलं की नाहीशी व्हायची.”

“मग किती उसवल्यास?”

“पहिल्या पहिल्या उसवल्या. नंतरच्या नाही. फुलीवर पट्टी लावली आणि समोर नेऊन दिल्या. म्हटलं, लावा तुमच्या काचेत.”

“त्या साखरतोंड्याला!”

“आपल्या काचेत तुम्ही लावू दिल्या असत्या? मला बघायचं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यातलं कोणी थांबून नाक मुरडतंय का.”

“मग? मुरडलं कोणी?”

“एकानेच मुरडलं,” ती म्हणाली. “तुम्ही.”

मी विषय मुद्द्यावर आणला. “बदल्यात काय घेतलंस?”

“ज्याच्यावर बसलायत ते.”

मी ताडकन उठलो. पाठीत कळ आली. पुन्हा बसलो. हे इथे नोंदवण्याचे कारण कायद्याचे नाही.

“माहेरून म्हणाली होतीस.”

“खरं सांगितलं असतं तर बसला असतात? पाठ मोडली असती, पण स्टूल सोडलं नसतं.”

“आणि ही उचलून आणली कोणी? तुझ्याच्याने हलायची नाही.”

“भावजींनी. तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा. समोरच्यांनी एका बाजूने धरली, भावजींनी दुसऱ्या. दारातून आत येईना तेव्हा दोघे हसत सुटले होते नुसते. नंतरही एकमेकांना दिसले की तेच आठवून हसायचे. मीच म्हटलं भावजींना, यांना बोलू नका, खुर्ची परत पाठवतील. त्यांनी शब्द दिला.”

मी कालचे कागद पुढे ओढले. तिने विचारले, “का? भावजींचं काय मधेच?”

मी कलम ३ तिच्यापुढे ठेवले. तिने ते उभ्यानेच वाचले. वाचताना तिचे ओठ हलतात, त्यामुळे ती कुठल्या ओळीवर आहे हे मला कळत होते.

“हे त्यांना तोंडावर म्हणालात?”

“म्हणालो.”

“आणि मला सांगितलंत, टेम्पोची हौस आली म्हणून.”

“तूही विचारलं असशील त्याला. त्याने काय सांगितलं?”

“तेच,” ती म्हणाली. “हौस आली म्हणून.”

तिने कागद खाली ठेवला. खोळ उचलली, सुईत दोरा ओवला आणि उसवलेली पट्टी होती तिथे पुन्हा शिवायला घेतली. मला विचारले नाही. मीही थांबवले नाही.

कलम ८. कलम ३ रद्द. न खोडता रद्द. माझा संशय चुकीचा नव्हता, चोरी झालीच होती. फक्त माणूस चुकला. आणि चोरीला गेले ते मी फेकून दिलेले होते. याला चोरी म्हणावे की नाही याबद्दल पुस्तकात काही सापडले नाही.

कलम ४ मधले खोळीचे वर्णन मात्र कायम. टीप सुतभर सरकलेली आहे ती आहेच. ‘हात नकलाकाराचा’ एवढे शब्द मागे घेतो. तो हात माझा होता आणि त्या दिवशी पाठ दुखत होती.

कलम ९. मोठी कात्री, दोन्ही मशिनी, अंगुस्तान, पितळी पट्टी, साचा आणि कपाटाच्या दोन्ही किल्ल्या धाकट्याला द्याव्यात. दुकान पत्नीचे, पण पुढच्या खोलीत बसून शिवण्याचा हक्क त्याला तो हयात असेपर्यंत. त्याने टेम्पो ठेवायचा की विकायचा हे त्याने ठरवावे. दुकानासमोर मात्र उभा करू नये, उजेड अडतो. कात्रीने कागद कापण्याबाबतची अट त्यालाही लागू.

कलम १०. पास-नापास ठरवण्याचा हक्क पत्नीला. धाकट्याने शिवलेली प्रत्येक खोळ तिने पाहावी आणि तिचा शब्द शेवटचा मानावा. निळी पेन्सिल तिच्या ताब्यात द्यावी. ती तिचे काय करेल हे मला माहीत आहे, तरी द्यावी.

कलम ११. साखरतोंड्याकडे माझ्या आणखी खोळी आहेत. काही विकल्या म्हणतो, काही त्याच्या घरच्या सोफ्यावर असल्याचे कळते. त्या परत मागू नयेत. पण ‘आमच्याकडे तयार केलेल्या’ असे तो गिऱ्हाइकाला सांगतो का, यावर इस्त्रीवाल्याने लक्ष ठेवावे. खुर्चीचा व्यवहार मी मान्य करतो. तिचा मागचा डावा पाय किंचित आखूड आहे, हे त्याला माहीत असणारच.

कलम १२. ऑपरेशनला जाताना आणि तिथून कसाही परतलो तरी माझ्या डोक्याखाली कलम ४ मधली खोळ घातलेली उशी असावी. दवाखान्याच्या उशांना कान असतात.

सहीच्या वेळची नोंद. धाकटा निरोपाप्रमाणे आला. टेम्पो दुकानासमोरच उभा केला. किल्ली टेबलावर ठेवून गेल्यापासून तो प्रथमच उंबऱ्याच्या आत आला होता. खुर्चीकडे त्याने पाहिले आणि पाहिले नसल्यासारखे केले. इस्त्रीवाला हजर होताच.

“कुठे करू सही?” धाकट्याने पेन काढून विचारले.

मी म्हणालो, “तू करायची नाहीस.”

“मग बोलावलं कशाला? आता काय, सहीसुद्धा चोरेन म्हणून?”

इस्त्रीवाला खाली पाहू लागला. मला जे म्हणायचे होते ते मी मनात जुळवून ठेवले होते, पण ऐनवेळी कायद्याचेच बोलणे तोंडात आले. म्हणालो, “साक्षीदाराला काही मिळत नसतं. पुस्तकात आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिले, आतल्या दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिले आणि पेनाला टोपण लावले. टोपण पहिल्यांदा नीट बसले नाही.

“मग दुसरा साक्षीदार?” तो म्हणाला. आवाज घोगरा होता. टेम्पोच्या धुराने असेल.

“समोरच्याला बोलाव.”

“साखरतोंड्याला? तू?”

“त्यालाही काही मिळायला नको ना. जा.”

तो हसला. या वेळी मला पाहून थांबला नाही.

साखरतोंड्या आला तेव्हा ‘या साहेब’ मीच म्हणालो. त्याने मजकूर वाचायला मागितला. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते हे मी त्याला समजावून सांगितले.

वरील मजकूर मी पूर्ण वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे आणि त्यांनी माझ्या देखत. मजकुरात खाडाखोड नाही. मोजून घ्यावे. तारीख साक्षीदारांनी आपापल्या हाताने घातली आहे. मी घातली असती तर कोणीतरी मागची घातली म्हणाले असते.

स्थळ: कटिंगचे टेबल, दुकानामागची खोली. दार उघडे.

लिहून देणार: मास्तर (सही)

साक्षीदार १: इस्त्रीवाला (सही, तारीख)

साक्षीदार २: समोरचा, फर्निचरवाला (सही, तारीख, सही गरजेपेक्षा मोठी)

धाकटा भाऊ: हजर होता. सही घेतलेली नाही. कारण कलम ९.